तीन बेडूक, नव्वद बरण्या

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर हातात पेन आलं ते फक्त सही करण्यापुरतं. मुलीच्या गेल्या वर्षीच्या वहीत मागची पानं कोरी होती, त्यांवर लिहिते आहे. कधी कोणाच्या हाती ही वही लागलीच, तर चुका पोटात घालाव्यात. बोलण्यात तर मी आणखी कच्ची. चार माणसांत बसले की माझा आवाज घशातच राहतो. ही गोष्ट मी नवऱ्याला दोनदा सांगायला घेतली आणि दोन्ही वेळा मध्येच थांबून चहा टाकायला उठले. म्हणून लिहून ठेवते.

सुमनताई माझी मावसबहीण. तिचे यजमान, आमचे भाऊजी, सौदीत अल-खोबरला इंजिनियर होते. ताईला दुसऱ्या वेळी दिवस गेले आणि डॉक्टरने तिला पलंगावरून उठायचं नाही म्हणून सांगितलं, तेव्हा भाऊजींनी मला व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं. मी नुकती विशीत आले होते. आईने पिशवीत कोकम भरलं, कुळथाचं पीठ भरलं आणि मुंग्यांच्या खडूची दोन पाकिटंही घातली. परक्या मुलखातल्या मुंग्या कशा असतील कोण जाणे, म्हणाली.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. खिडक्या होत्या, पण त्या उघडायच्या नसत. दिवसरात्र एसीची घरघर चाले. पहिले आठ दिवस मला त्या आवाजात झोप लागली नाही, नंतर तो बंद पडला की जाग येऊ लागली. मशिदीत दुपारची बांग झाली की मी भाताचा कुकर लावायची, पुढची झाली की सईच्या शाळेची बस यायची, असं माझं घड्याळ बसलं. ताईला पेज आणि मेथीची भाजी, भाऊजींना पोळी, सईला कोपऱ्यावरच्या बेकरीतला गरम खुब्ज, म्हणजे तिथली रोटी. शुक्रवारी भाऊजी मासे आणत. सुरमईला तिथे कनाद म्हणतात. मी तिला कोकम लावून ठेवायची आणि ताई आतून ओरडायची, "कुंदे, वासानेच जीव जातोय माझा, लवकर तळ!"

सई अकरा वर्षांची, ताईची थोरली. मराठी तिला कळायचं, पण उत्तर हिंदीत नाहीतर इंग्रजीत. मला ती कुंदामावशी म्हणायची. तिला मांजर हवं होतं, पण केसाळ जनावर जवळ आलं की तिचा श्वास लागायचा. त्यात आई अंथरुणावर, बाबा कामावर. ती शाळेतून आली की दप्तर टाकून एसीखालच्या खुर्चीत गप्प बसायची. मीही गप्प. आम्ही दोघी तासन् तास एका खोलीत असायचो आणि एक शब्द होत नसे.

मग एकदा एसी बिघडला आणि जावेदभाई दुरुस्तीला आले. माणूस नांदेडचा, चाळिशीतला, पॅन्टच्या खिशात कायम पेचकस. काम झाल्यावर त्यांनी एसीच्या बाजूला काळ्या मार्करने आपला नंबर लिहिला आणि फोनवर वेळ बघायला लागले. त्या फोनवर एका बेडकाचा फोटो होता. पिवळाधमक, अंगावर काळे पट्टे, आणि सगळा मिळून अंगठ्याच्या पेराएवढा. सई खुर्चीतून उठून आली. "अंकल, ये रियल है?" "हौ बेटा, मेरे घर में हैं. पूरी दुनिया एसी अपने वास्ते लगाती, मैं मेंढकों के वास्ते लगाता," असं म्हणून ते हसले. त्या दिवशी सई जेवताना बोलली. भाऊजी ताईकडे बघत राहिले आणि दुसऱ्या दिवशी काचेची पेटी आली.

पेटी आली म्हणजे बेडूक आले असं नाही. जावेदभाईंनी सांगितलं, आधी महिनाभर नुसती झाडं, झाडं रुजली की मग बेडूक. तळाला मातीच्या भाजलेल्या गोळ्या, त्यावर जाळी, त्यावर नारळाच्या सोडणाचा भुसा. हा भुसा विटेसारखा दाबून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून दुकानात विकायला होता. आमच्या परसात सोडणांचा ढीग पावसात कुजायचा. त्यावर वाळलेली बदामाची पानं पसरायची, तीही पैसे देऊन आणली. मग शेवाळ, नेचा, मनीप्लँटची बारीक जात. बेडकांना लपायला घर हवं म्हणाले, तेव्हा मी नारळ फोडून करवंटी घासून गुळगुळीत केली, तिला सुरीने दार पाडलं आणि पालथी ठेवली. जावेदभाई म्हणाले, "वा ताई, हे तर दुकानात वीस रियालला मिळतं." माझ्याशी ते मराठी बोलायचे. त्या घराबाहेरचं माझ्याशी मराठी बोलणारं ते एकच माणूस होतं.

आणि चिलटं. हे बेडूक मेलेलं काही खात नाहीत, त्यांना जिवंत, बारीक, हलणारं हवं. म्हणून बिनपंखांची चिलटं बरण्यांत वाढवायची. पिकलं केळं कुस्करायचं, त्यात ओट्सचं पीठ, थोडं व्हिनेगर, वरून यीस्टचे दाणे. बरणीत कागदाच्या पट्ट्या उभ्या करायच्या, चिलटं सोडायची आणि तोंडाला फडकं बांधायचं. जन्मभर फळांवरची चिलटं हाकलणारी मी, तीच त्यांना जेवण करून घालू लागले. ताई पलंगावरून म्हणायची, "माझ्या पेजेत मीठ विसरतेस, आणि माश्यांचं बरं बरोबर होतं तुझं!" पण खरंच चिलटं माझ्या हाताला यायची. बारा दिवसांत बरणी नुसती वळवळायची.

महिन्याने बेडूक निवडायला गेलो. जावेदभाईंची खोली म्हणजे एक पलंग आणि समोर भिंतभर काचेच्या पेट्या. आत शिरलं की ओल्या मातीचा वास आला. मला एकदम घर आठवलं आणि डोळ्यांत पाणी आलं, म्हणून मी सगळ्यांच्या मागे उभी राहिले. तीन जातींचे बेडूक देण्यासारखे होते. एक लाल, निळ्या पायांचे, नखाएवढे. सई त्यांच्यावरच खिळली. दुसरे हिरवे-काळे, ते पानाखालून बाहेरच येईनात. तिसरे फोटोतले पिवळे. सई म्हणाली, "मुझे रेडवाले चाहिए." जावेदभाईंनी मान हलवली. "नक्को बेटा. वो पहली बार वालों के नहीं. छोटा जीव, एक दिन खाने को चूके तो गया. पीले लो. मजबूत हैं, सामने आते, मरते नहीं जल्दी." भाऊजींनी विचारलं, "पर ये जहरीले होते हैं ना?" तेव्हा त्यांनी समजावलं की जंगलातले बेडूक मुंग्या-किडे खातात, त्यातून त्यांच्या कातडीत विष येतं; हे इथेच जन्मलेले, चिलटांवर वाढलेले, यांच्यात काही नाही.

सगळ्यात वरच्या पेटीत एक जोडी होती. तीही पिवळीच, पण मोठी, पट्टे जरा फिके झालेली. सईने बोट दाखवलं तर ते म्हणाले, "वो नक्को. वो अम्मा-अब्बा हैं सबके. छह साल से मेरे साथ हैं." मग त्यांनी विचारलं, खाना कौन डालेगा? भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, सईने पाहिलं. "मग ताई, तुम्हीच निवडा. ज्याच्या हाताने खाणार त्याने निवडावं." मला आयुष्यात तोवर कोणी काही निवडायला सांगितलं नव्हतं. शाळा सोडायचं आईच्या आजारपणाने ठरवलं, तिथे जायचं मावशीने. सईचं तोंड एवढंसं झालं होतं आणि लाल म्हणणं सोपं होतं. पण मला तिथे सांगितलेलं नीट कळलं होतं. मी पिवळ्यांच्या पेटीशी वाकले. आठ-दहा बेडूक होते, त्यांतले तीन काचेशी आले आणि माझ्या बोटाकडे बघू लागले. "हे तीन," मी म्हणाले. सई गाडीत बोलली नाही. पण पेटीत सोडल्यावर त्यांतला एक करवंटीच्या दारात येऊन बसला, तेव्हा ती किंचाळली, "मावशी, घरात राहायला आला!" हे ती मराठीत बोलली.

एकाचे तीनशे, तिघांचे नऊशे रियाल. निम्मे तेव्हा दिले, निम्मे महिन्याने, बेडूक रुळल्यावर. ही पद्धत जावेदभाईंनीच ठेवली होती. निघताना मला बजावून सांगितलं होतं: फवारा नको, अत्तर नको, उदबत्ती नको, त्यांची कातडीच त्यांचं नाक आणि तोंड. मी सगळं पाळलं. देवाची उदबत्तीसुद्धा बाथरूमचा पंखा लावून तिथे ओवाळायची.

नवव्या दिवशी मुंग्या आल्या. केळ्याच्या वासाने आल्या असणार. स्वयंपाकघराच्या दारातून एक रांग, टेबलाच्या पायावरून बरण्यांपर्यंत, आणि दुसरी काचेवरून वर, पेटीच्या जाळीकडे. मुंग्यांनी झोपलेल्या कोंबडीच्या पिलाचे डोळे खाल्लेले मी पाहिले होते. मी आईचा खडू काढला. टेबलाच्या चारी पायांना ओढला, बरण्यांच्या भोवती ओढला आणि पेटीच्या वरच्या काठावर, जाळीला लागून, एक सरळ रेघ मारली. आमच्याकडे हा खडू तांदळाच्या पिंपाभोवती ओढतात, देवाच्या फळीवर ओढतात, पाळण्याच्या पायांना ओढतात. तो किडे मारायचं औषध आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मुंग्या थांबल्या. मी हात झटकले आणि बरणी उचलून बेडकांना चिलटं घातली.

दुसऱ्या दिवशी पहाटे एक बेडूक पाय ताणून पडला होता. दुसरा करवंटीपाशी थरथरत होता, मी बघता बघता थांबला. तिसरा पाण्याच्या वाटीत होता. मी वर पाहिलं. रेघेपाशी जाळीच्या कडेला चिलटं उताणी पडली होती, थरच्या थर. त्या क्षणी मला सगळं कळलं: खडूला लागून आलेली चिलटंच बेडकांनी खाल्ली होती. मी कोणाला हाक मारली नाही. फडकं ओलं केलं आणि रेघ पुसली. काठावरची, बरण्यांभोवतीची, चारी पायांची. मेलेली चिलटं टिपून घेतली, फडकं साबणाने धुऊन वाळत टाकलं आणि मग सईला उठवलं.

सई रडली नाही. ती पेटीसमोर बसून राहिली आणि शाळेत गेली नाही. भाऊजींनी जावेदभाईंना फोन केला. "आपने बोला था मरते नहीं! दस दिन में तीनों? बच्ची को बीमार माल दिया आपने!" ते तासाभरात आले. त्यांनी पाण्याचा वास घेतला, माती चोळून पाहिली, थर्मामीटर पाहिलं, एसीला हात लावून बघितला. मग माझ्याकडे वळून हळूच मराठीत विचारलं, "ताई, काही फवारलं होतं का? रागावणार नाही. नुसतं सांगा." मी मान हलवली. नाही. मला परत पाठवतील आणि ताईपाशी कोणी नसेल, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मला माझीच लाज वाटत होती. जावेदभाईंनी खिशातून साडेचारशे रियाल काढून टेबलावर ठेवले. "मग माझ्याच बेडकांत रोग असेल," म्हणाले आणि ते तिघे कागदात गुंडाळून घेऊन गेले. सईने शाळेत मैत्रिणींना सांगितलं की तो अंकल फसवतो. त्यांतल्या एकीच्या घरी ते एसीचं काम करायचे.

तीन दिवस मी जेवले नाही म्हटलं तरी चालेल. चौथ्या दिवशी भाऊजी जेवताना सहज म्हणाले, "तो जावेद वेडाच दिसतो. रोग पसरेल म्हणून सगळ्या पेट्या रिकाम्या करतोय म्हणे. जुने बेडूक तर मारलेसुद्धा." माझ्या हातातला डाव वरणात पडला. ताई म्हणाली, "कुंदा, काय झालं गं?" मी म्हटलं, भाजलं.

ताई अंघोळीला गेली तेव्हा तिचा फोन घेतला. एसीखाली खुर्ची ठेवून वर चढले आणि मार्करचे आकडे एकेक करून दाबले. आयुष्यात परक्या पुरुषाला मी केलेला तो पहिला फोन. "जावेदभाई, बेडकांत रोग नाही. मी मुंग्यांचा खडू ओढला होता. मग पुसला." ते म्हणाले, "कधी ओढला?" मी सांगितलं. "मी विचारलं होतं तुम्हाला. तोंडावर विचारलं होतं." "हो." "काल सकाळी मी वरच्या पेटीतली जोडी मारली. लवंगेचं तेल घालून, आपल्या हातानं. सहा वर्षं होती माझ्याकडे. बाकीच्यांना वाचवावं म्हणून." मी खुर्चीवर उभीच होते. शेवटी ते म्हणाले, "घरात सांगा. मी नाही सांगणार." आणि फोन ठेवला.

रात्रीच्या जेवणाला मी सगळ्यांसमोर सांगितलं. भाऊजी ताट सारून उठले. "अगं, मी त्या माणसाला काय काय बोललो!" एवढंच दोनदा म्हणाले. ताई पलंगावरून म्हणाली, "मला आधी का नाही सांगितलंस? मी काय तुला खाणार होते?" सईने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "यू लाइड, मावशी." पुढे किती दिवस ती माझ्याशी बोलली नाही. आज माझी मुलगी काही लपवते तेव्हा मला राग येत नाही. तिच्या पोटात काय चाललं असेल तेच आठवतं.

भाऊजींनी फोन करून माफी मागितली आणि नऊशे रियाल देऊ केले. मी दारात उभी होते. मी म्हटलं, "भाऊजी, पैसे मी फेडणार." ते चिडले. "कशानं?" मी म्हटलं, "चिलटांनी." जावेदभाई ओळखीच्या बेडूक-पाली पाळणाऱ्यांना बरण्या पुरवायचे आणि त्यांच्या बरण्या नेहमी बुरशी धरून फुकट जायच्या, हे मला ठाऊक होतं. फोनवर त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "बरणीचे दहा रियाल. पण साहेबांचे पैसे नक्को. तुम्ही बोललात, तुम्हीच द्या." भाऊजी म्हणाले, "इंजिनियरच्या घरातून माश्या विकायच्या आता?" ताई म्हणाली, "अहो, माश्या निदान खऱ्या आहेत, आपण केलेला आरोप तर खोटा निघाला." केळी मात्र त्यांचीच, ती त्यांनी न बोलता दर शुक्रवारी माशांसोबत आणली.

दर आठवड्याला दहा बरण्या. मुंग्यांसाठी टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. आधीच सुचायला हवं होतं ते. खडूची पाकिटं कचऱ्यात टाकली. मध्येच ताईला मुलगा झाला, घरात बाळंतशेपांचा आणि केळ्याचा वास एक झाला. रिकामी पेटी तशीच होती, झाडं मात्र वाढत होती, नेचा काचेला टेकला होता. मी रोज पाणी फवारायची. एक दिवस बरण्या भरायला बसले तर प्रत्येक झाकणावर चिकटपट्टी लावून कोणीतरी आकडा घातला होता. एकवीसपासून तीसपर्यंत. सईचं अक्षर माझ्यापेक्षा फार चांगलं होतं. ती बोलली नाही, मीही विचारलं नाही, पण पुढच्या आठवड्यात पट्ट्या तिने माझ्यासमोर बसून कापल्या.

शेवटच्या दहा बरण्या घ्यायला जावेदभाई आले तेव्हा दार सईने उघडलं. ती बाजूला झाली नाही. खाली बघत, शब्द जुळवत ती मराठीत म्हणाली, "अंकल, तुमचे बेडूक आजारी नव्हते. मी शाळेत सगळ्यांना सांगितलं." "हौ बेटा," ते म्हणाले, "अच्छा किया." मग एकेक बरणी उजेडाकडे धरून पाहिली आणि पिशवीत ठेवली. नव्वदावी ठेवल्यावर मी विचारलं, "आणि ती जोडी? तिचे किती?" हे मी नऊ आठवडे विचारायचं ठरवत होते. त्यांनी पिशवीच्या तोंडाला गाठ मारली, ती सोडली, परत मारली.

"ती विकायची नव्हती, ताई. तिची किंमत मी लावलीच नव्हती." पिशवी उचलून ते जिन्याकडे वळले. दोन पायऱ्या उतरून मागे पाहून म्हणाले, "नऊशे पुरे झाले. खलास."